चाव्या मिळायच्या आधी

अजून सतरा दिवस.
फ्रिजवर बंगलीचा नकाशा चिकटवलाय,
वरणाचा एक शिंतोडा बरोबर मागच्या खोलीवर.
रघुवीर रोज बोटाने चालून येतो त्यात:
दार, बोळ, डावीकडे स्वयंपाकघर.
एकही जिना नाही, म्हणतो, आणि गुडघा चोळतो
जणू त्यालाच सांगतोय.

एजंट म्हणाला होता, समुद्र दिसतो.
दिसतो. न्हाणीघरातून, टाचा उंचावल्या तर.
तोही भरतीच्या वेळी;
मोरकमचा समुद्र ओहोटीला
कुठे जाऊन बसतो कोण जाणे.

रविवारी समोर गाडी लावून
आम्ही थर्मासमधला चहा पितो, चोरांसारखे.
मिसेस पेंडलबरींनी आज पडदे धुऊन
दोरीवर घातलेत.
आता कुणासाठी धुतले असतील?
मला एकदम ओशाळल्यासारखं झालं.
गाडी काढ, म्हटलं.

एकाहत्तराव्या वर्षी भिंतींचा रंग ठरवत
रात्री दीडपर्यंत जागतं का कुणी?
जागलो. भांडलोसुद्धा.
पिवळा, हे ठरलं. कुठला पिवळा, ते राहिलं.

काल डोळ्यांच्या दवाखान्यात
फॉर्मवर हाताने आपसूक नवाच पत्ता लिहिला.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, हा जुळत नाही.
जुळेल, म्हटलं,
थांब जरा.