थर क्रमांक दोन

रात्री साडेअकराला, भांडी आवरून झाल्यावर,
मी एका माणसाचा हात उघडते
सहकारनगरच्या दुसऱ्या मजल्यावर, लॅपटॉपवर.
पट्टी डावीकडे सरकवली की कातडी विरघळते,
दुधात साखर जावी तशी.
मग चरबी. मग स्नायू, लालबुंद, कुठे डाग नाही.
चुकलं तर एक कळ दाबायची,
सगळं पुन्हा जागच्या जागी.

लहानूमामांना हे दाखवायला हवं होतं.
सोमवार पेठेतून सायकलवर यायचे,
डिसेक्शन हॉलचं कुलूप काढायच्या आधी
चपला बाहेर ठेवायचे.

आता आवाज भरते:
"मनगटाच्या मधोमध हा बारीक दोर, पाल्मारिस लाँगस..."
खाली कुणीतरी गाडी मागे घेतं, तिची टुणटुण.
दुसरा टेक. कुत्री.
तिसऱ्यात मीच अडखळते,
कारण अंगठा करंगळीला टेकवून, मनगट वाकवून
सवयीनं बघते तर
माझ्या डाव्या हातात तो दोर नाहीच.
जन्मापासून नाही. वीस वर्षं शिकवतेय, विसरले होते.
वरणभात कालवायला त्यावाचून कधी अडलं नाही.
पडद्यावरच्या माणसाला मात्र सगळं आहे,
फक्त टेबल नंबर नाही.

आमचं टेबल चार.
सासवडकडची कुणी म्हातारी,
देहदानाच्या अर्जावर अंगठा.
मनगटावर पाच हिरवे ठिपके, वर तुळस.
मी पहिल्या वर्षाला, सुरी घामानं निसटणारी.
वरचा पापुद्रा निघून आला
आणि ठिपके खालच्या थरात तसेच,
उलट जास्तच गडद.
मामा बादली ठेवता ठेवता म्हणाले,
"सुई तिथवर जाते, पोरी.
एवढं सोसून काढलेलं जाईल कुठं?"

रंगांचा डबा उघडते. हिरवा नको,
शेवाळ आणि शाई यांच्या मधला काहीतरी.
थर क्रमांक दोन. एक, दोन, पाच ठिपके.
तुळस जमली नाही, माऊस हलतो.
चौकट विचारते: नाव? कार्य?
दोन्ही रिकामी ठेवून सेव्ह करते.

सोमवारी दोनशे पोरं, दोनशे पडदे.
"मीडियन नर्व्ह दाखवा," म्हटलं
तर निम्म्या बोटांनी ठिपकेच दाबले.
"मॅडम, फाईलमध्ये बग आहे," पुढून कुणीतरी.
मागच्या बाकावर प्रणिता डोईफोडे,
आडनावावरून पहिल्याच दिवशी जिच्यावर हसून झालंय,
ती न उठताच म्हणाली,
"बग कसला? गोंदण आहे ते.
आमच्या आईच्या आईला होतं."
मग जरा थांबून,
"पण मॅडम, हा हात तर बाप्याचा आहे."

वर्ग हसला. मीही हसले.
खरंच, मी बघितलंच नव्हतं.
केस होते की मनगटावर, मीच तर
ते पहिल्या सरकवणीत घालवले होते.

रात्री पुन्हा थर क्रमांक दोन.
खोडरबराची खूण बोटाखाली.
खाली तीच गाडी मागे येतेय, टुण टुण टुण,
ती थांबेपर्यंत मी थांबते,
मग खोडरबर सोडून
पुन्हा तुळस काढायला घेते.
या वेळी डाव्या हातानं.