शिडी तुमची

मत्रहच्या सुकात, अत्तरवाल्याच्या मागच्या बोळात
मारितेसचं फ्रेमचं दुकान.
काउंटरवर माझं चित्र
आणि बाई विचारतायत, कितीला?

बावीस वर्षं मी फुटावर रंगवलं.
फुटाला आठशे बैसा, अरबीला थोडे जास्त,
शिडी तुमची.
लाँड्रीवरची इस्त्री, सलूनची कात्री,
खाटकाच्या पाटीवरची ती हसरी मेंढी,
जिला बघून पोरं रडायची,
रुवीपर्यंत सगळ्या माझ्याच.
मग छापील प्लास्टिक आलं.
मी महिनाभरात जेवढं रंगवायचो
तेवढं यंत्र जेवणाच्या सुट्टीत ओकून मोकळं.

म्हणून मी म्हणतो, "पंधरा."
काउंटरखाली मारितेस माझ्या चपलेवर पाय देते.
"साठ," ती म्हणते, "फ्रेम वेगळी."

चित्रात खलफानची होडी आहे, ओहोटीत कलंडलेली.
समुद्र तोच, असं गावाकडचे म्हणतात.
नाही तो.
हर्णैच्या पाण्यात मातकट घालावा लागतो,
इथल्यात एक थेंब हिरवा जास्त.
हे एवढंच मला येतं, पण नक्की येतं.

"किती दिवस लागले?" बाई विचारतात.
खरं सांगायचं तर एक दुपार.
खरं सांगायचं तर
अब्बांच्या होडीवर नंबर घालताना
सातचा पाय घसरला आणि कानाखाली बसली,
त्या दिवसापासून.
मी म्हणतो, "लागतो वेळ."
बाई म्हणतात, बघते.
आणि जातात.

माझा चेहरा बघून मारितेस म्हणते,
"पंधराला नेलं असतं ना,
तर बाथरूमबाहेर टांगलं असतं."
तिचा हिस्सा तिसरा. त्यामुळे
तिच्या म्हणण्यावर किती विश्वास ठेवायचा
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रेसिडेन्ट कार्डावर मी गवंडी.
आयुष्यात एक वीट लावलेली नाही.
परवाना हवा, परवान्याला धंद्याचं नाव हवं,
नावाची पाटी हवी.
पाटी! म्हटलं, हे तर हातचं काम.
पट्टीनं आखलं: याकूब सारंग.
चौदा इंच भरलं.
नऊशे तेहतीस बैसा, हिशेब आपोआप झाला,
आणि पुढं ब्रश उचलेना.
मालकानं आगाऊ दिल्याशिवाय
मी कधी कुणाचं नाव रंगवलेलं नाही.

बकालाचा शिबिन सामान पोचवता पोचवता येतो,
फोन डब्याला टेकवून माझे हात टिपतो.
फक्त हात. चेहरा नको,
तहसीननंही गावाहून तेच सांगितलंय,
"अब्बा, हात चालतात."
शिबिन म्हणतो, चूक झाली तर पुसू नका, भाई,
लोकांना ती बघायला आवडते.
अरे, मी जन्मभर
चूक टर्पेन्टाइननं पुसूनच पोट भरलं.
तरी काल पुसली नाही.
आकाशातला एक ओघळ तसाच ठेवला.
रात्रभर डोळ्यांत सलत होता.
सकाळी चारशे लोकांनी बघितलेला.
चारशेतल्या एकानंही दर विचारला नाही.

चौथ्या दिवशी, इशाच्या नमाजानंतर,
फोन थरथरला. त्याच बाई.
साठ मान्य. पण होडीला नाव नाही का?

नाही.
खलफानच्या होडीला आहे, मी घातलं नव्हतं.
जुनी सवय.
नाव घालायचे वेगळे पडतात.

लिहिलं: त्यात काय, असंच घालून देतो.
पुसलं.
लिहिलं: दोन रियाल.
चपलेत अंगठा आपसूक आखडला.
पुसलं.
मग एका बोटानं, सावकाश,
पाटीवर शेवटचं अक्षर बसवावं तसं:
नावाचे दहा. साठ अधिक दहा.
पाठवलं.

एक बरोबरची खूण आली.
दुसरी आली.
दोन्ही अजून करड्याच.
मी ब्रश धुतलेत, पुन्हा धुतलेत,
खाली खलफानची होडी पाण्यावर आलीय
आणि मी तिचं नाव
हवेत बोटानं मापून बघतोय,
किती इंच भरेल.