वर्णनात्मक नोंद

चौथीचा वर्ग, तिसरा तास, घटक: धारकता.
बादली एकच. सकाळपासून तेच पाणी
दुसरीनं मोजलं, तिसरीनं मोजलं,
आमच्यापर्यंत आलं तेव्हा त्यात खडूचा रंग
आणि चार मुंग्या.

दोन सारख्या बाटल्या भरल्या.
एक पसरट डब्यात ओतली.
'आता जास्त कशात?'
वर्ग ओरडला, 'बाटलीत!'
शिफा एकटी म्हणाली, 'तेवढंच हाय सर,
नुसतं खाली बसलंय.'
तिच्या नावापुढं बरोबरची खूण केली
आणि मी उगाच जरा ताठ उभा राहिलो.

मग चाचणी. प्रश्न दुसरा, अ:
एक लीटर म्हणजे किती मिलीलीटर?
गहिनीनाथनं लिहिलं, साडेनऊशे.
'हजार रे.'
'पुस्तकात हजार,' तो म्हणाला,
'आमच्या घरी साडेनऊशे.'

दुसऱ्या दिवशी दप्तरातून त्यानं माप काढलं,
ॲल्युमिनियमचं, दांडा वाकडा,
बुडाला आत गेलेला पोचा.
विज्ञानपेटीतलं चंचुपात्र घेतलं,
खाली वाकून डोळा रेघेच्या सरळीत ठेवला,
मी शिकवला होता तसा,
पाणी हलायचं थांबेपर्यंत श्वास धरला.
साडेनऊशे. थेंब इकडं नाही, तिकडं नाही.
वर्गानं टाळ्या वाजवल्या.

केज तालुक्यातल्या या गावात
रोज सकाळी सहाला माझ्या दारात दूध येतं,
ते याच मापानं.
दोन वर्षं, रोज पन्नास मिली.
तोंडी हिशेब करायचा नाही असं ठरवलं.
साडेछत्तीस लीटर.

'पोचा कधी पडला रे?'
'म्या बालवाडीत होतो तवा. आईच्या हातून.'
'आबांना माहीत आहे?'
त्यानं मापात बघितलं, जणू उत्तर तळाशी असावं.
'इचारतो,' म्हणाला.
मागं फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार होता,
मापात पाप नको.
अक्षर माझंच.

उत्तर चूक. मोजणी बरोबर.
रकाना बोटभर रुंद, त्यात लिहिलं:
'मापन अचूक करतो.'
पुढं 'घरी' लिहिलं आणि खोडलं.

आज सकाळी आबा स्वतः आले.
एक माप ओतलं, थांबले,
मग वर अजून थोडं, न मोजता.
ते फाटकाकडं बघत होते, मी चपलांकडं.
गहिनीनाथ सायकल धरून उभा होता,
गुडघ्यात वाकलेला,
डोळा माझ्या पातेल्याच्या काठाच्या
अगदी सरळीत.