हॅशच्या मागे

सावद्याच्या केळी पिकवायच्या वखारीत
चारशे बारा फाइली.
प्रत्येकीच्या माथ्यावर तेच :
# नोंद : लोटू पद्माकर भंगाळे
# चेंबर, तारीख, पाळी
आणि खाली उतरत जाणारे आकडे
सतरा, साडेसतरा, सोळा.

नवे मालक म्हणाले, माथे बदला.
चार ओळींची स्क्रिप्ट. जुनं काढ, नवं चढव, पुढची फाइल.
पहिल्या खेपेला काढायचंच विसरले,
डोक्यावर डोकं चढलं.
बरं, प्रतींवर चालवली होती.

मग पुसण्याआधी पाहून घेतलं
काय काय जातंय :
# लाइट गेली, दोनपासून हातानं मोजलं
# गॅस उशिरा सोडला, चूक माझी
# फैजपूरची शेवटची गाडी गेली, इथंच झोपलो

हॅशमागचं यंत्र वाचत नाही.
म्हणूनच बोलला असेल इतकं,
एरवी पगाराच्या दिवशीही मान हलवून जाणारा माणूस.

सगळं पुसलं. सांगितलेलं काम.

संध्याकाळी सरासरी काढताना
दोनशे सातवी फाइल अडली.
आकड्यांच्या मधोमध, हॅश लावायचा राहिलेली,
म्हणून स्क्रिप्टच्या हातून सुटलेली एक ओळ :
तीनचं दार लागत नही नीट, खांदा लावजो.

उठले. तीन नंबरला गेले.
दार बोटभर उघडं,
गारवा पायांवर येत होता.
लावला खांदा.

परत येऊन ती ओळ उचलली,
पुढे हॅश टाकला,
नव्या मालकांच्या नावाखाली ठेवली.
स्क्रिप्ट पुन्हा चालवायची झाली
तर ही फाइल वगळायची,
हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं.