पुंगळी

आर्णी रोडच्या बंद खदानीत आम्ही पालथ्या पडायचो,
पोटाखाली सतरंजी, सतरंजीखाली मुरूम,
समोर पंचवीस यार्डांवर कागद.
चार पोरींत एक रायफल.
माझ्या वाट्याला नेहमी चौदा नंबर.

चौदा नंबर डावीकडं ओढायची.
कुठं लिहिलेलं नव्हतं हे,
पण गोठ्यातली कोणती म्हैस लाथ मारते
ते घरभर ठाऊक असतं, तसं कंपनीभर ठाऊक.
हवालदार उईके उकिडवे बसून सांगायचे,
"तिच्या खोडीसकट नेम धर, पोरी.
उजवीकडं काळ्याच्या भायेर पाय.
मंग ते बराबर काळ्यात जाते."

वजन असं की उचलताना आधी दात आवळायचे.
गाल टेकायच्या जागी लाकूड काळं, गुळगुळीत,
कित्येक पोरींच्या घामानं पॉलिश झालेलं.
कुणीतरी कंपासच्या टोकानं कोरून ठेवलं होतं: शोभा ७४.
शोभाला मी कधी पाहिलं नाही.
दर गोळीला आमचे गाल तेवढे एकमेकींना लागायचे.

आता मी भुयार मॅडम. शिट्टी माझ्या गळ्यात.
नव्या रायफली गाडीतून उतरतात
आणि पोरी त्या एका हातानं उचलतात.
मला उगाच राग येतो.
बोल्ट मऊ, मॅगझीन पाच गोळ्यांचं,
माशी सरळ, जिथं बघाल तिथं गोळी.
आमची चुकली की आम्ही ओरडायचो,
"चौदा नंबर हाये न जी!"
ईश्वरी तोडसामची चुकते तेव्हा ती काहीच म्हणत नाही,
नुसती स्वतःच्या बोटाकडं बघते.
हे बरं की वाईट, मला ठरवता आलेलं नाही.

आवाज मात्र तोच,
वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा.
टोला अजून पितळेच्या काठावरच बसतो, मध्यावर नाही,
आणि काठावर बसला तरी आतलं सगळं पेटतं.
उईके एवढं सांगून हसायचे. का, ते विचारायचं राहिलं.

हिशेबही तोच.
जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत.
आज चाळीस दिल्या. एकोणचाळीस आल्या.

सुभेदारांनी वही उघडीच ठेवली.
पोरी रांगेनं कुसळीत, गुडघ्यांवर.
ऊन खदानीच्या काठावरून उतरलं,
केळ्यांची टोपली तशीच झाकलेली,
मोज्यांत कुसळं, तळव्यांत हिवराचे काटे.
सगळ्यांत मन लावून ईश्वरी शोधत होती.
म्हणून मला कळलं.

तसंच मन लावून मीही शोधलं होतं,
नव्वदच्या डिसेंबरात,
डाव्या बुटात अंगठ्याखाली पुंगळी दाबून.
अंधार पडता पडता उईके म्हणाले होते, "भेटली,"
आणि ढिगात एक टाकली होती.
माझी तर बुटातच होती.
मग त्यांना भेटली कोणती,
हे कोडं मी कितीक वर्षं घेऊन फिरले,
आणि आज त्याच खदानीत, पर्सच्या चेनवाल्या कप्प्यात
बोटं घालताना सुटलं.

"भेटली," मी म्हणाले.

पिवळ्याधमक एकोणचाळिसांत माझी एक, हिरवट, मळकी.
माप मात्र तंतोतंत.
सुभेदारांनी ती उचलली, उजेडात धरली,
माझ्याकडं पाहिलं, नाही पाहिलं,
आणि वहीत लिहिलं:
चाळीस दिल्या, चाळीस आल्या.

परतताना ट्रकमध्ये मी पुढं, ड्रायव्हरशेजारी.
मागं पोरींचा गलका, केळ्यांची सालं,
दोन्ही बाजूंना फुललेली तूर.
दारव्ह्याचं वळण गेल्यावर
गलक्याखालून कुणीतरी पितळेत फुंकलं.
आधी नुसती हवा.
मग टिटवीसारखा एक लांब, बारीक सूर.

मी मागं वळले नाही.
माझी कधी इतक्या लवकर वाजली नव्हती.