कानाला खडा

कोलन्से बेटावरच्या सभागृहात, हीटरला पाठ लावून,
मी चिमट्यानं निवडते आहे
सहा हजार वर्षांपूर्वीचं उष्टं.
समोर मर्डिना. तिनं चाळीस वर्षं बोटीची तिकिटं फाडली,
आता शिंपले मोजते, दर शंभराला एक रेघ.

सगळी लिंपेटंच. बाटलीच्या बुचाएवढी टोपी,
खडपाला अशी बसते की
पहिला टोला ती बेसावध असताना पडला पाहिजे.
चुकला, तर मग कातळ फोडणं सोपं.
त्यासाठी बोटभर दगड होते त्यांच्याकडे.
एक माझ्या मुठीत आहे, टोकाला उतरता झिजलेला,
मुरुडच्या मावशीच्या कोयत्यासारखा,
जो कालवं फोडून फोडून पात्याचा नुसता दांडा उरला होता.

मर्डिना म्हणते, रबर आहे हे, रबर.
माझी पणजी खायची म्हणतात, वाईट वर्षात,
तेही दार लावून.
एडिंबराहून साहेबांचं पत्र आलंय:
हा आहार होता की आमिष, ते ठरवायला हवं.
मावशी असती तर म्हणाली असती,
अगो, आधी आमिष.
मासा नाही गावला की आहार.

मग चाळणीच्या तळाशी
तांदळाच्या कणीएवढे पांढरे खडे.
माशाच्या कानातले.
मासा गेला, काटा गेला, खवलं गेली, खडा राहिला.
खडा मोजला की कळतं मासा केवढा,
आणि केवढा ते कळलं की कोणता महिना.
या पिशवीत लहान खडे: पावसाळी उन्हाळा, माशी बसत नाही इतका वारा.
त्या पिशवीत मोठे: भर हिवाळा,
दुपारी तीनला अंधार,
ओल्या केसांची माणसं पाण्यात गळ सोडून उभी.

कानाला खडा लावला असेल कुणीतरी,
पुन्हा या बेटावर पाऊल टाकणार नाही म्हणून.
टरफलांच्या ढिगाखाली उंदरासारखं झोपणं,
सीलच्या तेलाचा वास, पोरांना खरूज.
आणि वरच्या थरात
पुढच्या हिवाळ्याचे खडे.

मर्डिना हसते. तीही ग्लासगोला गेली होती, कायमची.
अकरा महिने.

पिशवी दोनशे बारा.
इथली माती आंबट, ती हाडं खाऊन टाकते.
पण शिंपल्यांचा चुना विरघळत विरघळत
ढिगाच्या पोटात थोडी हाडं राखून ठेवतो.
म्हणजे जे फेकलं त्यानंच सांभाळलं, वगैरे.
असलं काही मी लिहीत नाही. फॉर्मवर रकाना नाही.

सीलच्या वल्ह्यासारख्या पंजाची हाडं, पाच ओळी.
त्यांच्यावर, सांडलेली नाहीत, ठेवलेली,
माणसाच्या बोटांची तीन पेरं.

चिमटा खाली ठेवला.
मर्डिना चष्मा कपाळावर चढवून वाकली.
सोललं ना सील, ती म्हणाली, की आत हात निघतो.
माझ्या भावानं एकदा सोललं होतं.
मग महिनाभर त्यानं कुणाशी हात मिळवला नाही.

बराच वेळ आम्ही दोघी
आपापले हात टेबलाखाली घेऊन बसलो.

ओरोन्सेला गेलेली खोदणारी पोरं अजून आलेली नाहीत.
मधली वाळू ओहोटीत तीन तास उघडी असते,
आज भांगाची, म्हणजे त्याहून कमी.
मर्डिना दाराशी जाऊन बघते,
भिंतीवर वेळापत्रक असूनही.
मावशीसुद्धा बघायची,
घरात दोन पंचांगं असूनही.

चौघं येताना दिसतात, बूट हातात,
पाणी घोट्यापर्यंत.
एकानं वाटेत काहीतरी उचललंय
आणि दुरूनच ओरडून विचारतोय,
हे खातात का?