ग्रामितोनच्या दुकानातला टीव्ही

ग्रामितोन म्हणाला, खाली डाग पडलाय, पुसला जात नाही.
त्यानं दाढीचा फेस लावून पाहिला होता,
मग द्राक्षाची दारू.
मी केबल बदलली, डबा बदलला,
सेटिंगमध्ये शिरून सगळं मुळावर आणलं.
डाग काचेच्या आतला होता.

जुना प्लाझ्मा. एकच चित्र फार वेळ धरलं
की त्याच्या अंगात मुरतं.

रात्रभर पांढरा पडदा लावून ठेव, म्हटलं,
कधीकधी उतरतं.

सकाळी कुताइसीत धुकं. रिओनी नुसती ऐकू येत होती.
शटर वर केलं तर दुकानभर दुधाळ उजेड,
खुर्च्या, कात्र्या,
आणि त्या पांढऱ्यात, पातळ चहाच्या रंगाची,
गोलगोल जॉर्जियन अक्षरांची अख्खी ओळ:
थोड्याच वेळात परत येत आहोत.

शहराचं चॅनल होतं ते.
लग्नं, मयती, कुठल्या गल्लीत पाणी कधी.
सहा वर्षांपूर्वी बुडालं.
ती पाटी तेवढी चार महिने चालू राहिली,
आणि यानं टीव्ही बंद केला नाही.

का रे?
म्हणाले होते ना, येतो म्हणून.

मी नव्या पॅनलची किंमत सांगितली.
तो वस्तरा पट्ट्यावर घासत राहिला.
मग फुटबॉल लावला.
डावीकडून पळत आलेला एक पोरगा
त्या अक्षरांतून आरपार गेला
आणि गोल चुकला.

राहू दे, ग्रामितोन म्हणाला.

पैसे घेतले नाहीत. दाढी करून घेतली.
त्याचं लक्ष सामन्यात,
कानाखाली थोडी राहिलीच.